पाथर्डी फाट्यावरचा वन बीएचके, दोन आजार आणि चार अँटेनांचा राउटर

डिसेंबरात ताईचा (माझी मावसबहीण) फोन आला की अरे तू कंपनीत ते नेटवर्कचंच बघतोस ना, मग आमच्याकडे एकदा येऊन जा, दाजींनी नवीन राउटर आणला चार अँटेनांचा आणि तरी काहीच फरक नाही, उलट आता दोन नावं दिसतात आणि कुठलं लावायचं तेच कळत नाही. मी म्हटलं किती इंची फ्लॅट आहे तुमचा, ती म्हणाली इंची नाही रे बाबा, वन बीएचके आहे. म्हणजे एवढ्याशा घरात नेट पोचत नाही हेच मुळात मला पटेना. रविवारी गाडी काढली आणि गेलो.

आधी घर सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात राउटरपेक्षा घरच जास्त महत्त्वाचं निघालं. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ सात मजली बिल्डिंग, चौथा मजला, भाड्याचा फ्लॅट, घरमालकाची अट की भिंतीला ड्रिल मारायचं नाही. दारातून आत आलं की हॉल, हॉलच्या डाव्या हाताला किचन, मग छोटा पॅसेज, पॅसेजच्या एका बाजूला बाथरूम-टॉयलेट आणि टोकाला बेडरूम. फायबरची वायर डक्टमधून येऊन थेट दाराच्या वर आत घुसते आणि तिथेच चपलांच्या कपाटावर ऑपरेटरने त्याचा तो पांढरा डबा ठेवलेला, ज्याला ते ओएनटी म्हणतात आणि आपण सगळे राउटरच म्हणतो. प्लॅन १०० एमबीपीएसचा. घरात चार माणसं. दाजींचं पुण्याच्या कंपनीचं वर्क फ्रॉम होम, ते बेडरूममध्ये बसतात. ताई संध्याकाळी पाच ते सात आठवी-नववीच्या पोरांच्या गणिताच्या ऑनलाईन ट्युशन घेते, ती हॉलमधल्या टेबलावर. काकू (ताईच्या सासूबाई) त्याच वेळी टीव्हीवर मालिका लावतात, स्मार्ट टीव्ही, सगळं वायफायवर. आणि भाची, तिच्याकडे टॅब.

तक्रार दोघांची सारखीच होती, "मीटिंग अडकते", म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं की कारण पण एकच असणार, आणि इथेच पहिली चूक झालेली. दाजींनी गेल्या महिन्यात ऑफिसातल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून ११०० रुपयांचा चार अँटेनांचा राउटर आणला, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ३०० एमबीपीएस, आणि तो त्याच चपलांच्या कपाटावर जुन्या डब्याच्या शेजारी ठेवला. मी काही विकत घ्यायच्या गोष्टीच काढल्या नाहीत. म्हटलं आधी चहा, मग मोजमाप.

मोजमाप म्हणजे फार काही नाही, फोनवर एक वायफाय ॲनालायझर ॲप, एक लॅन केबल आणि पिंग (समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं). जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागे घराचा नकाशा काढला आणि जिथे जिथे लोक बसतात तिथे आकडे लिहिले. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात आणि तो उणे असतो, उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधोक चालतो, उणे ८० ला गेला की रडगाणं सुरू. दाजींच्या टेबलावर आला उणे ७८. ठीक, म्हणजे त्यांचं दुखणं कळलं. पण ताईच्या टेबलावर आला उणे ४८! डब्यापासून दोन मीटरवर बसते ती, कांड्या फुल. तरी तिचा आवाज तुटतो. मग?

मग पिंग. हा प्रयोग कुणीही घरी करू शकतं आणि एकही वस्तू विकत घ्यायच्या आधी करावाच असं मला वाटतं. लॅपटॉपवरून दोन ठिकाणी पिंग सोडायचा, एक घरातल्याच राउटरला (यांच्याकडे १९२.१६८.१.१) आणि दुसरा बाहेर कुठेतरी. घरातल्या डब्यापर्यंतचाच पिंग उड्या मारत असेल तर रोग घरात आहे, हवेत आहे. डब्यापर्यंत दोन-तीन मिलिसेकंद स्थिर येतोय आणि बाहेरचाच उडतोय तर ऑपरेटरला फोन लावा, राउटर बदलून काही होणार नाही. ताईच्या लॅपटॉपवर डब्यापर्यंतचा पिंग ४ पासून ३८० पर्यंत नाचत होता, दोन मीटरवरून! तोच लॅपटॉप केबलने डब्याला लावला, तर पिंग १ च्या खाली आणि स्पीड ९४. दाजी म्हणाले ९४ का, १०० चे पैसे देतो ना आपण. डब्याला मागे दोन पोर्ट होते, केबल काढून शेजारच्या पोर्टात घातली तर १०४ आला. एक पोर्ट १०० वाला आणि एक गिगाबिट म्हणजे १००० वाला, १०० च्या पोर्टातून वरचा सगळा बोजा जाऊन हातात ९४-९५ च येतात, कितीही मोठा प्लॅन घ्या. दाजींना हे फारच आवडलं, त्यांनी लगेच मार्करने चांगल्या पोर्टावर फुली मारून ठेवली.

म्हणजे ऑपरेटरची लाईन एकदम चोख होती. भांडण सगळं घरातल्या हवेत होतं, आणि ते पण दोन वेगवेगळी.

ताईचा आजार गर्दीचा. ॲपमध्ये बघितलं तर २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायचे नेहमीचे दोन पट्टे, २.४ आणि ५, त्यातला जुना) तिच्या टेबलावरून ३१ नेटवर्क दिसत होती, वरचे खालचे समोरच्या विंगचे, त्यात एक कुणाचं तरी सीसीटीव्हीचं. आता या २.४ च्या पट्ट्यात एकूण जागाच ८३.५ मेगाहर्ट्झ आहे, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल धरले तर तीनच, १, ६ आणि ११. वायफायचा नियम असा की एकाच चॅनलवर कुणी बोलत असेल तर बाकीच्यांनी गप्प राहायचं आणि मग आपला नंबर लावायचा, म्हणजे इथल्या द्वारका चौकात सगळे एकदम घुसतात तसं नाही, उलट सगळे थांबतात, पण तीन रांगांत ३१ घरं उभी म्हटल्यावर तुमचा सिग्नल कितीही जोरदार असला तरी नंबर येईपर्यंत वाक्य तुटतंच. त्यात घरातल्याच काकूंच्या टीव्हीने रांगेत सतत हात वर केलेला. ५ गिगाहर्ट्झवर बघितलं तर फक्त ९ नेटवर्क, आणि तिथे जागा भरपूर, २०१८ मध्ये सरकारने तिथली ६०० मेगाहर्ट्झहून जास्त जागा परवानामुक्त केलीय. पण ऑपरेटरचा डबा २.४ वालाच. आणि दाजींनी आणलेला चार अँटेनांचा? तो पण २.४ वालाच! म्हणजे ३१ च्या गर्दीत यांनी पैसे देऊन ३२ वा उभा केला, तोही स्वतःच्याच शेजारी, त्याच चॅनलवर.

अँटेनांबद्दल इथेच बोलून घेतो कारण दाजी फार दुखावले गेले. चार काड्या असल्या तरी ३०० चा आकडा म्हणजे आत दोनच धारा (एकाच वेळी वाहणारे डेटाचे प्रवाह), आणि तोही ४० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल मिळाला तर, जो या गर्दीत मिळतच नाही. बरं राउटर जोरात ओरडला म्हणून निम्मंच काम होतं. फोनला आणि लॅपटॉपला पण उलट उत्तर द्यायचं असतं आणि त्यांची ताकद तेवढीच राहते. तुम्ही गच्चीवरून भोंगा लावून बोलताय आणि खालचा माणूस कुजबुजतोय, तर संवाद होणार का? कांड्या फुल आणि नेट बंद हा जो प्रकार आपण सगळे बघतो त्यातला अर्धा हाच.

दाजींचा आजार वेगळा, भिंतीचा. नकाशावर चपलांच्या कपाटापासून त्यांच्या टेबलापर्यंत पट्टीने सरळ रेघ मारली तर ती बरोब्बर बाथरूममधून गेली. दोन्ही बाजूंनी टाइल्स, भिंतीत पाण्याचे पाइप, वर १५ लिटरचा गिझर पाण्याने भरलेला, आणि बाथरूमच्या पलीकडे बेडरूममध्ये त्याच भिंतीला टेकून लोखंडी कपाट, कपाटाला आरसा. म्हणजे सिग्नलच्या वाटेत जेवढं म्हणून वाईट ठेवता येईल तेवढं सगळं. आणि ५ गिगाहर्ट्झ तर भिंतीतून अजूनच कमी जातो, मोकळ्या हवेत सुद्धा २.४ पेक्षा साधारण ६ डीबी मागे असतो. म्हणजे नवा भारी ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्हीवर चालणारा) राउटर आणून त्याच चपलांच्या कपाटावर ठेवला असता तर, माझ्या तेव्हाच्या हिशोबाने, ताई सुखी आणि दाजी होते तिथेच.

जागा शोधायला एक जुगाड केला. दाजींच्या फोनचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर चालू केला आणि तो फोन वेगवेगळ्या जागी ठेवत गेलो आणि मी बेडरूममध्ये माझ्या फोनवर आकडा बघत बसलो. चपलांच्या कपाटावर ठेवला तर उणे ८४. टीव्हीच्या मागे ८१. फ्रिजवर ठेवायची काकूंची आयडिया, ७९. किचनच्या दाराच्या वर, जिथे पॅसेज सुरू होतो तिथे एक लाकडी फळी होती, देवाचं कॅलेंडर आणि घड्याळ असलेली, तिथून उणे ६८! कारण तिथून रेघ बाथरूमला बगल देऊन पॅसेजमधून बेडरूमच्या उघड्या दारातून जाते. फक्त अडीच मीटर सरकलो. फोनचा हॉटस्पॉट राउटरपेक्षा कमजोर असतो, म्हणजे खरा राउटर तिथे याहून चांगलंच देणार हे नक्की. हे सगळं झालं तेव्हा आम्ही एक रुपया खर्च केलेला नव्हता, ताई म्हणाली पोहे करते.

सोमवारी संध्याकाळी एमजी रोडला गेलो, दाजी आणि मी. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "किती अँटेनाचा दाखवू?" मी दाजींकडे बघितलं नाही.

त्याने आधी रेंज एक्स्टेंडर काढला, तेराशेला, म्हणे बेडरूमच्या प्लगला लावा, काम तमाम. पण तो एक्स्टेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर परत बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते आणि स्पीड साधारण निम्मा, शिवाय तो २.४ वाला होता. नको. मग मेशचे दोन डबे (एकाच नावाने मिळून घरभर वायफाय देणारे), साडेसहा हजार. मेश चांगली गोष्ट आहे, गंगापूर रोडला माझ्या साहेबांच्या रो-हाऊसला मीच लावून दिलीय, दोन मजले आणि मधे स्लॅब. पण पाच-सहा मीटरच्या अंतरात दोन डबे ठेवून काय करणार, फोन एकाला चिकटून बसतो आणि सोडत नाही. मग त्याने वायफाय ७ दाखवला. २०२४ च्या जानेवारीत त्याचं सर्टिफिकेशन सुरू झालं, छान आहे, पण घरात वायफाय ७ चं एकही उपकरण नाही आणि प्लॅन १०० चा. दाजींचा हात मात्र एएक्स-३००० च्या (एएक्स म्हणजे वायफाय ६) बॉक्सवर बराच वेळ होता. त्यातले २४०० एमबीपीएस कधी, तर १६० मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल मिळाला तर, आणि तेवढी रुंदी घ्यायची तर रडारसोबत वाटून घ्यायच्या चॅनलमध्ये शिरावं लागतं, तिथे राउटरला आधी कान देऊन बसावं लागतं आणि रडार ऐकू आलं की चॅनल सोडावा लागतो. देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, ओझरला विमानांचा कारखाना, म्हणून आपल्याकडे तसं होतंच असा माझा दावा नाही, पण १०० च्या प्लॅनसाठी हा खटाटोप कशाला.

शेवटी दोन उरले. एसी-१२०० (एसी म्हणजे वायफाय ५) गिगाबिट पोर्टवाला २,२५० ला आणि एएक्स-१५०० म्हणजे वायफाय ६ वाला २,९५० ला. बॉक्सवरचा आकडा दोन्ही बँडची बेरीज असतो हे लक्षात असू द्या, १२०० म्हणजे ३०० आणि ८६७, १५०० म्हणजे ३०० आणि १२०१, आणि प्रत्यक्ष हातात त्याच्या निम्म्या-पाऊणपट येतं. १६०० चा एसी-१२०० पण होता, पण त्याचे पोर्ट १०० वाले, मग हवेत ८६७ आणि मागच्या दाराने ९४! हे बॉक्सच्या पुढच्या बाजूला कधीच लिहिलेलं नसतं, मागे बारीक अक्षरात बघायचं, १०/१०० लिहिलंय की १०/१००/१०००. माझं मत एसी-१२०० गिगाबिटच पुरे, या घरात सात-आठ उपकरणं. दाजी म्हणाले घेतोय तर सहाच घेऊ, पुढे प्लॅन वाढवला तर. घेतला. वरचे ७०० रुपये दाजींच्या समाधानाचे, स्पीडमध्ये त्याचा फरक अजून तरी कुणाला दिसलेला नाही. कुठल्या मॉडेलचा ते लिहीत नाही कारण एकाच नावाखाली व्हर्जन १, २, ३ निघतात आणि आतली चिपच बदललेली असते, मी नाव सांगून तुम्ही वेगळंच काहीतरी घरी आणाल.

बसवताना: चपलांच्या कपाटावरच्या डब्यापासून फळीपर्यंत १० मीटरची कॅट ६ केबल, दाराच्या चौकटीवरून, चिकटवायची केसिंग पट्टी लावून, ड्रिल नाही. फुली मारलेल्या पोर्टातून. डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवला, म्हणजे पत्ते वाटायचं काम जुन्या डब्याकडेच आणि नव्याने फक्त हवेत पोचवायचं. नाहीतर घरात दोन कारभारी होतात आणि फोन एकाच्या राज्यात, टीव्ही दुसऱ्याच्या, मग फोनवरचं टीव्हीवर टाकता येत नाही. डबा ब्रिज मोडला टाकणं (म्हणजे डब्याने लाईन नुसती पुढे द्यायची, बाकी सगळं नव्या राउटरने) हा दुसरा उपाय, पण त्याला ऑपरेटरकडून युजरनेम-पासवर्ड लागतो आणि तिकडचा पोरगा म्हणाला दुसरा राउटर लावला तर आमची जबाबदारी नाही, म्हटलं राहू दे बाबा. २.४ ची रुंदी सक्तीने २० मेगाहर्ट्झवर आणली, ५ ला ३६ ते ४८ हे चॅनल दिले. काड्या सरळ उभ्या, कारण काडीच्या टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो, आडवी पाडली की वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची सोय. ॲडमिनचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद.

आणि मग ताईच्या लॅपटॉपला नेटवर्कच दिसेना! सगळ्यांना दिसतंय, तिला नाही. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते ७०० रुपये मीच वाया घालवले. लॅपटॉप २०१४ चा, त्याचं कार्ड फक्त २.४ आणि बी-जी-एन वालं (वायफायच्या जुन्या पिढ्या), आणि त्या काळातल्या बऱ्याच कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वायफाय ६ चं नेटवर्क मुळी दिसतच नाही. ड्रायव्हर अपडेट करा किंवा राउटरमध्ये २.४ पुरता एएक्स बंद करा, दोन्हीने जमतं. मी २.४ चा एएक्स बंद केला, नाव लगेच दिसलं. पण तिला ते वापरूच दिलं नाही, २.४ ची ती रांग तशीच होती ना. राउटरच्या बॉक्समध्ये फुकट आलेली केबल घेतली आणि तिचा लॅपटॉप सरळ चपलांच्या कपाटावरच्या डब्याला लावला. तिचा आजार असा एकही रुपया न लागता बरा झाला, नवीन राउटरचा त्यात काही संबंध नाही, आणि ही गोष्ट महिनाभर आधी कुणी केली असती तर... असो. डब्याला दोनच पोर्ट, एक राउटरला एक ताईला. टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाकला.

लाईटचं पण बघावं लागलं. लाईट गेली की लिफ्ट जनरेटरवर चालते पण घरातलं नेट जातं. डबा आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टचे निघाले म्हणून एकच मिनी यूपीएस पुरला, आणि राउटर अडीच मीटर लांब म्हणून सीसीटीव्हीवाल्याकडून डीसी पिनची एक्स्टेन्शन वायर आणली. काही स्वस्तातले राउटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ चा यूपीएस लावून बसू नका, ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जा. भरल्या बॅटरीवर दोन्ही मिळून सव्वादोन तास चालले, घड्याळ लावून बघितलं.

खर्च असा, राउटर २,९५०, केबल ३५०, पट्टी १२०, यूपीएस १,४५०, ती वायर ८०, एकूण ४,९५०. दाजींच्या टेबलावर आता ५ गिगाहर्ट्झ उणे ५९, स्पीड ९८ ते १०३, राउटरपर्यंतचा पिंग २ ते ५. बेडरूमचं दार बंद केलं की ६४ होतो, चालतंय. निघताना ऑपरेटरच्या डब्याच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या उजेडाचा आकडा दिसतो तो पण कॅलेंडरवर लिहून ठेवला, उणे २०. तेव्हा उगाच म्हणून लिहिला. चार अँटेनांचा राउटर माळ्यावर गेला, विकायला काढला तर तीनशे म्हणाला एकजण, दाजी म्हणे नको.

जुलैत परत फोन, यावेळी दाजींचा, आवाजात जरा धार, "तुझा तो सहावाला बिघडला रे, दोन दिवस झाले दर तासाला जातंय." मी म्हटलं दाजी, फळीवरच्याचं नंतर बघू, चपलांच्या कपाटावरच्या डब्याचे दिवे कसे आहेत? म्हणाले पॉनचा (फायबरची लाईन लागलीय की नाही ते सांगणारा) दिवा लुकलुकतोय आणि शेजारचा मधूनच लाल होतो. म्हटलं ते पान उघडून उजेडाचा आकडा वाचा. उणे २९. साधारण उणे २७ च्या खाली गेलं की या डब्यांना धड दिसत नाही. म्हटलं ऑपरेटरला नुसतं नेट बंद आहे असं सांगू नका, डिसेंबरात वीस होता आता एकोणतीस आहे असं सांगा. दुसऱ्या दिवशी पोरगा मीटर घेऊन आला, दुसऱ्या मजल्यावर डक्टमध्ये रंगकाम करणाऱ्याने ती बारीक काळी वायर करकचून खिळ्याला गुंडाळून ठेवलेली, तिथे उजेड गळत होता. सोडवली, सरळ केली, उणे २१. मी रविवारी गेलो ते नुसते पोहे खाऊन आलो, राउटरला हात पण लावला नाही.